बीएड ते इन्स्ट्रक्शनल डिझाइन: सातारा, पुणे, परत सातारा

संगममाहुली (धागाकर्ती)

गेल्या काही महिन्यांत कराड, विटा, फलटण, तासगावच्या बऱ्याच मुलामुलींनी मला एकच गोष्ट विचारली. डीएड किंवा बीएड झालंय, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पास आहे, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलच्या पुढच्या फेरीकडे डोळे लागलेत, वय चाललंय. तुमच्या त्या इन्स्ट्रक्शनल डिझाइनमध्ये, म्हणजे ई-लर्निंग आणि प्रशिक्षणाचे पाठ आखून लिहिण्याच्या कामात, येता येईल का? प्रत्येकाला तुटक उत्तर देण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते. लांब होईल.

आधी माझी वाट सांगते. बीएस्सी साताऱ्यात, मग बीएड, तेव्हाचं एका वर्षाचं. (दोन वर्षांचं ते २०१५ पासून झालं.) आमच्या घरात शिक्षक होण्याला फार मान. आजोबा रयतच्या बोर्डिंगात राहून शिकलेले. कर्मवीर अण्णांनी १९१९ साली काल्यात संस्था काढली, १९२४ साली ती साताऱ्यात आणली, ही सनावळी आमच्याकडे घरातल्या लग्नांच्या तारखांसारखी पाठ. त्यामुळे मी दुसरं काही करीन असं कुणालाच वाटलं नव्हतं, मलाही नाही.

मग तेच झालं जे माझ्या वयाच्या अनेकांचं झालं. तालुक्यातल्या एका विनाअनुदानित शाळेत लागले. पगार कधी निम्मा, कधी "अनुदान आलं की देऊ". पुढे एका ज्युनिअर कॉलेजात सीएचबीवर. घड्याळी तासाप्रमाणे पैसे, उन्हाळ्यात शून्य. २०१२ मध्ये राज्यात शिक्षकभरती बंद झाली आणि ज्या जाहिरातीची आम्ही वाट बघत होतो ती आलीच नाही. राधिका रोडवरच्या एका क्लासमध्ये दहावीचं विज्ञान शिकवलं. तिथे पैसे वेळेवर मिळायचे, पण प्रश्नपत्रिकेबाहेरचं काही शिकवायला सवड नव्हती. या काळाबद्दल फार लिहीत नाही, इथल्या निम्म्या लोकांनी तो भोगलाय.

पुण्यातल्या एका ई-लर्निंग कंपनीची "विज्ञान कंटेंट रायटर, मराठी-इंग्रजी" अशी जाहिरात मैत्रिणीने पाठवली. शाळांमध्ये डिजिटल वर्गांची लाट होती तेव्हाची गोष्ट. स्वारगेटची विनाथांबा गाडी पकडून मुलाखतीला गेले. त्यांनी आठवीचा आम्ल-आम्लारीचा घटक हातात दिला आणि स्टोरीबोर्ड लिहा म्हणाले. म्हणजे डावीकडे पडद्यावर काय दिसेल, उजवीकडे आवाजात काय ऐकू येईल, खाली मूल काय करेल आणि त्यावर पुढे काय होईल.

वर्गात हा घटक मी कितीतरी वेळा शिकवला होता. लिटमस काढायचा, लिंबू पिळायचं, मुलांचे चेहरे बघायचे. मागच्या बाकावरच्याच्या कपाळावर आठी दिसली की तिथेच थांबून दुसरं उदाहरण द्यायचं. आता चेहराच नव्हता. जे मूल मला दिसणार नाही, ते कुठे अडखळेल हे मला आधीच ओळखून लिहून ठेवायचं होतं. "लिंबात आम्ल असतं, मग लिंबाने हात का भाजत नाही?" हा प्रश्न वर्गात कुणीतरी विचारतंच. पडद्यापुढचं मूल तो विचारू शकत नाही. म्हणून तो मी विचारायचा. बहुपर्यायी प्रश्नाचा चुकीचा पर्यायही असातसा लिहायचा नाही. "सगळी आम्लं त्वचा जाळतात" हा पर्याय निवडणाऱ्या मुलाच्या डोक्यात तीव्र आणि सौम्य यांची गल्लत आहे, तेव्हा त्याला मिळणारं उत्तर त्याच गल्लतीवर बोललं पाहिजे. नुसतं "चूक, पुन्हा प्रयत्न करा" त्याच्या काहीच कामाचं नाही.

त्या दिवशी जे कळलं, ते पुढच्या प्रत्येक नोकरीत कामाला आलं. समोर नसलेल्या माणसाला शिकवायचं, हे माझं काम.

बीएडवाल्यांनो, हे नीट वाचा. कंपनीत पहिल्या महिन्यात ब्लूम, गॅन्ये, अ‍ॅडी अशी नावं कानावर पडली आणि दडपण आलं. मग पाठ टाचणाची, म्हणजे तास कसा घ्यायचा याच्या आराखड्याची, जुनी वही काढली. पूर्वज्ञान जागृती, हेतुकथन, सादरीकरण, उपयोजन, संकलन, मूल्यमापन. शेजारी रॉबर्ट गॅन्ये यांनी १९६५ च्या त्यांच्या पुस्तकातून मांडलेल्या नऊ पायऱ्या ठेवल्या: लक्ष वेधा, हेतू सांगा, आधीचं आठवायला लावा, आशय मांडा, मार्गदर्शन करा, करून घ्या, अभिप्राय द्या, तपासा, पक्कं करा. निम्म्याहून जास्त ओळखीचं होतं. ब्लूम यांची शिकण्याच्या उद्दिष्टांची १९५६ ची वर्गवारी आपण "ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य" म्हणून टाचणात रोज लिहीत होतो, आणि त्याखाली "स्पष्टीकरणे" म्हणून विद्यार्थी नेमकं काय करून दाखवेल तेही लिहीत होतो. घटक चाचणीआधीचा संविधान तक्ता (कोणत्या घटकाला, कोणत्या उद्दिष्टाला किती गुण याचा तक्ता) म्हणजे तर मूल्यमापनाचा पूर्ण आराखडा. अ‍ॅडी ही विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन अशी साखळी. ती १९७५ च्या सुमारास फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत अमेरिकन लष्करासाठी तयार झाली. त्यातलं पहिलं पाऊल, म्हणजे विश्लेषण, आपल्या टाचणात नव्हतं, कारण विद्यार्थी कोण आहेत हे बाई डोळ्यांनी बघतच होत्या. नवं शिकण्यासारखं सगळ्यात जास्त तिथेच आहे.

पुढे कंपनी बदलली आणि शाळेचा आशय सुटला. बँकांसाठी केवायसी (ग्राहकाची ओळख तपासणं), औषध कंपन्यांसाठी एसओपी (कामाची ठरलेली पद्धत), अशा विषयांचं प्रशिक्षण. ओळखीतले म्हणाले, शिक्षण सोडलंस ना शेवटी. मला तसं कधी वाटलं नाही. काउंटरवर रांग लागलेली असताना कागदपत्रं तपासणारा क्लार्कही विद्यार्थीच, फक्त त्याला वेळ नाही. विषयतज्ज्ञ भली मोठी फाइल देतात आणि सांगतात, यातलं सगळं आलं पाहिजे. तेव्हा मी एकच विचारते: हे माहीत नसलं तर त्या माणसाच्या हातून कामात काय बिघडेल? ज्याचं उत्तर मिळत नाही ते बाहेर. या एका प्रश्नाने निम्मी फाइल गळते आणि तज्ज्ञही सुटकेचा श्वास घेतात.

२०२० मध्ये कोरोनामुळे साताऱ्याला परत आले आणि मग इथेच राहिले. सध्याचं जे काम मला सगळ्यात जवळचं वाटतं त्याबद्दल थोडं जास्त लिहिते.

एका आरोग्य संस्थेसाठी आशाताईंचं नवजात बाळाच्या घरभेटींचं प्रशिक्षण लिहिलं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट असते. हातात आलेला मजकूर असा होता: नवजात बालकाची व्याख्या, बालमृत्यूची कारणं, कार्यक्रमाची उद्दिष्टं, मग धोक्याची लक्षणं, शेवटी दहा प्रश्न. त्यातला एक प्रश्न: "बाळाचा श्वास मिनिटाला किती किंवा त्याहून जास्त असल्यास धोका समजावा?" उत्तर ६०. ते सगळ्याच ताईंना पाठ असतं.

पण जावळीतल्या एखाद्या वाडीत, आजी दाराशी उभी, बाळ दुपट्यात गुंडाळलेलं, अशा वेळी ६० हा आकडा आठवून भागत नाही. दुपटं सोडायचं, बाळ शांत होईपर्यंत थांबायचं, घड्याळ बघत पूर्ण एक मिनिट छाती-पोटाची हालचाल मोजायची. नवजात बाळाचा श्वास एकसारखा चालत नाही, त्यामुळे पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर फसगत होते. म्हणून प्रश्न काढून टाकला आणि त्या जागी बाळाच्या छातीचा पूर्ण एक मिनिटाचा व्हिडिओ ठेवला. आवाज नाही, मजकूर नाही. मोजा आणि आकडा लिहा. मग दुसरं बाळ, मग रडणारं बाळ. रडणाऱ्या बाळाला बरोबर उत्तर आहे "आत्ता मोजणार नाही, शांत झाल्यावर मोजेन". व्याख्या आणि कारणं शेवटच्या पानावर गेली, ज्याला हवी त्याने वाचावीत.

हे लिहिताना विनाअनुदानित शाळा, क्लास, बँकेची फाइल, सगळं वापरलं गेलं. म्हणून मुलांना सांगते, तुमच्या बायोडेटातल्या तुटक नोकऱ्या लपवू नका.

आणि एक स्पष्ट सांगते. शाळांमधल्या रिकाम्या जागा भरल्याच पाहिजेत. हे क्षेत्र त्या भरतीला पर्याय म्हणून मी कुणाला सुचवत नाहीये. ज्याला वर्गच हवाय त्याने वर्गासाठी भांडावं.

---

खटावकर

ताई, मनापासून लिहिलंत. मी निवृत्त केंद्रप्रमुख, माण-खटाव भागात नोकरी गेली. एक भर घालतो.

समोर नसलेला विद्यार्थी तुम्हाला पुण्यात भेटला, आम्हाला तो द्विशिक्षकी शाळेत रोज भेटायचा. दोन शिक्षक, चार वर्ग. तिसरीला भागाकार शिकवताना चौथी त्याच खोलीत असते, पण शिक्षकाविना. त्या अर्ध्या तासात चौथीने काय करायचं हे आदल्या रात्री ठरवावं लागतं. आम्ही जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर स्वयंअध्ययन कार्डं करायचो. पुढे सूचना, मागे उत्तर, कोपऱ्यात पुढच्या कार्डाचा नंबर. अडलं तर कोणत्या कार्डाकडे परत जायचं तेही लिहिलेलं.

आपल्या जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळा ज्ञानरचनावादासाठी (मूल स्वतः करून, अनुभवातून शिकतं या पद्धतीसाठी) गाजल्या, राज्यभरातून शिक्षक बघायला यायचे. बऱ्याच जणांनी फरशीवर रंगवलेल्या आकृत्यांचे फोटो काढले आणि आपल्या शाळेत तशाच रंगवल्या. खरी गोष्ट होती ती मुलांच्या कामाचा क्रम: कोणत्या वस्तूवरून चित्राकडे, चित्रावरून अंकाकडे कधी जायचं. तो फोटोत येत नाही. तुमच्या क्षेत्रातही चकचकीत अ‍ॅनिमेशनची नक्कल होत असेल आणि मागचा विचार राहून जात असेल, असं वाटतं.

---

संगममाहुली

सर, कार्डाच्या कोपऱ्यातला "अडलं तर मागे कुठे जायचं" हा नंबर, यालाच आमच्याकडे ब्रँचिंग म्हणतात आणि त्यासाठी महागडी सॉफ्टवेअरं घेतात. ती कार्डं कुणाकडे जपून ठेवलेली असतील तर मला बघायची आहेत. फोटो चालतील. शक्य असेल तर मी स्वतः येईन.

अ‍ॅनिमेशनबद्दल अगदी बरोबर. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांचं याच विषयावर बरंच संशोधन आहे. आशयाशी संबंध नसलेली मजेदार चित्रं आणि किस्से घातले की शिकणं उलट कमी होतं. ग्राहकाला मात्र तीच हवी असतात.

---

विट्याची_पोरगी

ताई, मी डीएड, बीए मराठी. तीन प्रश्न आहेत. यासाठी वेगळी पदवी लागते का? माझं इंग्रजी वाचण्यापुरतं चांगलं आहे, बोलताना अडखळते, चालेल का? आणि पगाराचं काय? घरी बाबा म्हणतात, शिक्षणसेवक म्हणून लागलीस तरी पुढे कायम होशील, कंपनीचं काय खरं.

---

संगममाहुली

बाबांचं म्हणणं उडवून लावू नकोस. शिक्षणसेवकाचं मानधन २०२३ मध्ये वाढून प्राथमिकला १६ हजार झालं, आणि तीन वर्षांनंतर वेतनश्रेणी मिळते. ती सुरक्षितता आमच्याकडे नाही. प्रकल्प संपला की माणसं कमी होतात, हे मी जवळून पाहिलंय.

पदवी सक्तीची नाही. मुंबईत एसएनडीटीमध्ये शैक्षणिक तंत्रज्ञानाचा विभाग आहे, आयआयटी मुंबईत या विषयात पीएचडी होते. पण कंपन्या बहुतेक वेळा कामाचा नमुना मागतात. म्हणून आधी नमुना तयार कर. तुला येणारी एक छोटी गोष्ट घे. द्राक्षबागेत औषध फवारणाऱ्या माणसाने मिश्रण करताना घ्यायची काळजी घे, तुझ्या भागातली गोष्ट आहे. कोणासाठी, तो आत्ता काय करतो, त्याने काय करायला हवं, ते एका पानात. मग सहा-सात पडद्यांचा स्टोरीबोर्ड. पॉवरपॉइंट पुरे, सॉफ्टवेअर नंतर शिकता येतं. फ्लॅश या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरवर आयुष्य काढलेले लोक आमच्यात होते. २०२० च्या शेवटी अडोबीने फ्लॅश बंद केलं, पण ज्यांना शिकवण्याचा क्रम लावता येत होता ते त्यानंतरही टिकले.

इंग्रजी वाचता आलंच पाहिजे, कारण मूळ मजकूर बहुधा त्यातच येतो. बोलणं सरावाने येतं. आणि मराठी चांगलं असणं ही तुझी मोठी जमेची बाजू. आरोग्य, शेती, बचत गट, सहकार, या सगळ्यांत मराठीतून नीट शिकवणारं साहित्य हवंय. शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षणाची पुस्तकं मिळाली तर चाळ. उद्दिष्टं, प्रास्ताविक, विवेचन, मध्येच स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न, शेवटी सारांश. कोणता प्रश्न कुठे टाकलाय आणि का, एवढंच बघत जा.

---

हिंजवडीकर_मूळचा_कराडचा

मी या क्षेत्रात माणसं निवडतो, म्हणून लिहितो. शिक्षकी केलेल्यांच्या नमुन्यात एक गोष्ट नेहमी दिसते: पानभर निवेदन. शिक्षक काय बोलेल ते सगळं असतं, शिकणारा काय करेल ते नसतं. नमुना पाठवण्याआधी तपासा, दर दोन पडद्यांत शिकणाऱ्याने काही ठरवलंय का, निवडलंय का, केलंय का.

दुसरं, एआय. मजकुराचा पहिला खर्डा आता मशीन काही मिनिटांत देतं. नुसतं लिहून देणाऱ्यांचं काम कमी होतंय, हे मुलांना खरं सांगायला हवं. पण तज्ज्ञासमोर बसून "हे कशाला हवं?" विचारणं, प्रत्यक्ष जागेवर जाऊन माणूस काम कसा करतो ते बघणं, यासाठी आम्हाला अजून माणूसच लागतो. ताईंनी लिहिलेलं रडणारं बाळ मशीनने आपण होऊन सुचवलं नसतं. ते घरभेटीला बरोबर गेल्याशिवाय सुचत नाही.

---

मिरज_नर्सिंग

मी नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शिकवते. धागा आवडला, पण थोडा विरोध नोंदवते.

व्हिडिओ बघून श्वास मोजणं आणि प्रत्यक्ष बाळाजवळ बसून मोजणं यात अंतर आहे. आमच्याकडे ओएससीई या प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येक मुलगी एकेका टेबलाशी जाते, परीक्षक यादी घेऊन बघतो, तिने हात धुतले का, दुपटं सोडलं का. पडद्यावर उत्तम गुण मिळवणारी मुलगी तिथे गडबडते. संस्था मात्र मोबाइलवरचा कोर्स पूर्ण झाला की "प्रशिक्षित" असा शिक्का मारतात, कारण तो आकडा अहवालात पटकन भरता येतो. तुमच्या आशाताईंच्या मागे नंतर कोण जातं?

---

संगममाहुली

मॅडम, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि मलाही तो सतत टोचतो. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पातळ्या मांडल्या: आवडलं का, शिकले का, कामात वापरलं का, परिणाम दिसला का. आपण बहुतेक दुसरीवर थांबतो. या प्रकल्पात मी आग्रहाने एक कागद जोडायला लावला, आशाताईंच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताईंसाठी. त्यांनी एका घरभेटीला बरोबर जायचं आणि चार गोष्टी फक्त बघायच्या, बोलायचं नाही. बोलणं भेट संपल्यावर. तो कागद सगळीकडे वापरला जातो असा दावा मी करणार नाही. जिथे वापरला जातो तिथून येणारे प्रश्न फार वेगळे असतात. "वजनकाटा वाऱ्याने हलतो, कुठे अडकवू?" असे. पुढच्या आवृत्तीत हा प्रश्न आला.

ओएससीईची यादी कशी बनवता, त्यावर तुम्ही इथेच लिहिलंत तर मला फार उपयोग होईल.

---

लेथवाला_सांगली

मी आयटीआयमध्ये निदेशक, फिटर ट्रेड. पोरं पुढे कुपवाड एमआयडीसीत, किर्लोस्करवाडीला जातात. व्हर्नियर कॅलिपरवर (जाडी, व्यास बारीक मोजायचं साधन) मोबाइलसाठी छोटा पाठ करतोय. हे माझं उद्दिष्ट, बघा कसं वाटतं:

"प्रशिक्षणार्थी व्हर्नियर कॅलिपरची रचना व कार्य समजून घेईल."

पहिल्या पडद्यावर पियर व्हर्निए आणि १६३१ साल, दुसऱ्यावर भागांची नावं, तिसऱ्यावर लघुत्तम माप (साधनाने मोजता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ मिमी कसं येतं ते, चौथ्यावर वाचन.

---

संगममाहुली

दादा, "समजून घेईल" हे तुम्हाला दिसणार कसं? आणि एक सांगा, पोरं प्रत्यक्षात कुठे चुकतात?

---

लेथवाला_सांगली

झिरो एरर बघतच नाहीत. जबडे बंद करून शून्याला शून्य जुळतंय का ते न तपासता थेट जॉब (मोजायची वस्तू) पकडतात. दुसरं, व्हर्नियरच्या शून्याच्या डावीकडची रेघ घ्यायची ती उजवीकडची घेतात. तिसरं, जबड्यांत जॉब जास्त आवळतात.

---

संगममाहुली

मग पाठ या तिन्हींवरच बांधा. उद्दिष्ट असं चालेल का? "झिरो एरर तपासून, दिलेल्या जॉबचा बाहेरचा व्यास ०.०२ मिमीपर्यंत अचूक मोजून नोंदवेल." व्हर्निए साहेब शेवटच्या पडद्यावर.

पहिल्या पडद्यावर बंद जबड्यांचा मोठा फोटो, व्हर्नियरची दुसरी रेघ जुळलेली, आणि प्रश्न: हे कॅलिपर असंच वापरायचं का? तिथूनच झिरो एरर काढायला लावा, मग जॉबचा फोटो द्या. भागांची नावं वाचन करता करता येतील.

---

लेथवाला_सांगली

हे जमतंय. फोटो काढले. बंद जबड्यांत दुसरी रेघ जुळते, म्हणजे झिरो एरर अधिक ०.०४. जॉब पकडल्यावर मुख्य पट्टीवर २३, व्हर्नियरची १७ वी रेघ जुळते, म्हणजे १७ गुणिले ०.०२ बरोबर ०.३४. वाचन २३.३४, त्यातून ०.०४ वजा, उत्तर २३.३० मिमी.

पर्याय असे टाकतो: २३.३० बरोबर. २३.३४ म्हणजे झिरो एरर विसरला. २३.३८ म्हणजे वजा करायच्या जागी मिळवला. २४.३० म्हणजे उजवीकडची रेघ घेतली. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहितो. आवळण्याचं मात्र फोटोत कसं दाखवायचं ते सुचत नाहीये.

---

मिरज_नर्सिंग

ते पडद्यावर आणूच नका. वर्कशॉपमध्ये एकच जॉब पाच पोरांकडून मोजून घ्या आणि वाचनं फळ्यावर लिहा. आवळणाऱ्याचं वाचन कमी येईल, ते तिथेच दिसेल.

---

लेथवाला_सांगली

हे बेस्ट, मॅडम. येत्या बॅचला करतो. वाचनं इथे टाकतो.